दस्तगीर लगेच गेला नव्हता

खैरून, तुझ्या जियारतीला, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, कारखान्याचे शेठ आले होते. मोटार गल्लीत शिरत नाही म्हणून कोपऱ्यावर लावली आणि धोतराचा सोगा चिखलातून सांभाळत चालत आले. सतरंजीवर टेकले, टोपी नीट केली आणि तुझ्या दिराला म्हणाले, "बाई फार सोशीक. नवरा गेला, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही." दीर मान हलवत होता. शेजारचे चार लोक माना हलवत होते. मी आतल्या खोलीत बायकांच्यात बसले होते. शेठ उठून जाईपर्यंत मी दात आवळून धरले, कारण ते तुझं घर होतं आणि तुझ्या घरात भांडण करायला तूच मला बंदी केली होतीस.

सोशीक म्हणे. तू नळावर कुणाची घागर पुढं सरकू दिली नाहीस कधी. मागासाठी सुताच्या कांड्या भरून दिल्यावर मुकादम वजनात मारायला लागला, तर तू सगळ्या कांड्या त्याच्यासमोर जमिनीवर ओतल्यास आणि म्हणालीस, आता तूच भर. हसायला लागलीस की आमच्या भांड्यांवरची झाकणं वाजायची, आणि आपल्या दोघींच्या घरांत फक्त एक कुडाची भिंत होती म्हणून मला कुठल्या गोष्टीवर हसलीस तेही कळायचं. असल्या बाईला सोशीक म्हणायचं म्हणजे तिला मेल्यावर गप्प बसवायचं. जिवंतपणी जमलं नाही त्यांना ते.

आपल्या दोघींचे नवरे एकाच कारखान्यात, एकाच पाळीला, लागून लागून असलेल्या मागांवर. ह्यांचं नाव मी घेत नाही. तू अण्णा म्हणायचीस, इथंही अण्णाच म्हणते. अण्णा आमच्या सीमेकडच्या खेड्यातून आलेले, कानडी घरचे, बोलायला आधीच कमी. तुझा दस्तगीर इचलकरंजीतच जन्मलेला, मागाच्या खडखडाटातसुद्धा गप्पा हाणणारा. तो ओठ हलवायचा आणि अण्णांना नुसत्या ओठांवरून कळायचं. मी बालवाडीत पोरांना शिकवायची, तू घरी बसून कांड्या भरायचीस, आणि संध्याकाळी पाळी सुटली की दोघं एकाच सायकलवरून यायचे.

कारखान्याच्या भिंती जुन्या, विटामातीच्या. त्यांच्यावरच शेठनी माळा घालून सुताचं गोदाम केलं होतं. दुष्काळ संपून पाऊस धडपणे लागला त्या पावसाळ्यात मागची भिंत पोटासारखी फुगली. कामगारांनी मुकादमाला दाखवली. मुकादमानं शेठना सांगितलं, शेठनी दोन वासे टेकू म्हणून लावायला सांगितले, आणि माग चालूच राहिले. मग एका दुपारी, पाळी भरात असताना, भिंत बसली आणि माळा सगळ्या सुतासकट खाली आला. गल्लीतून आपण दोघी हातात हात घालून धावलो. तुझी चप्पल वाटेत तुटली, ती तू हातात घेऊन धावत होतीस. का, ते तुलाही कळलं नसेल.

अण्णांना अंधार पडता पडता जिवंत काढलं, पाय ठेचलेला. दस्तगीरला त्यांच्या शेजारूनच काढलं, पण तो गेलेला होता.

त्यानंतर जे सुरू झालं त्याचा राग मला अजून आवरत नाही. मदत आली, नाही असं मी म्हणणार नाही. घोंगड्या आल्या, ज्वारी आली. शाळेच्या पटांगणात मांडव घालून ढिगाऱ्यात गेलेल्यांच्या विधवांना लुगडी वाटायचं ठरलं. तू इद्दतीत बसलेली, चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकणार नव्हतीस, तर फोटोवाला घरी पाठवला. नवरा गेलेल्या, पडद्यात बसलेल्या बाईचा फोटो, लुगडं हातात धरून! तू आतून कडी घातलीस. तर बाहेर म्हणाले, बाईला उपकाराची जाण नाही.

आणि जो तो एकच सांगत होता, विसरा. पुढारी म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. तुमच्या मशिदीतले बुजुर्ग म्हणाले, अल्लाची मर्जी. आमचे स्वामी म्हणाले, प्राक्तन. कुणी म्हटलं नाही की बाई, तुला काय वाटतंय ते बोल, आम्ही बसलोय. आलेल्या प्रत्येकाला तू एकच विचारायचीस, ते कसे गेले. आणि प्रत्येकजण तेच उत्तर द्यायचा, सगळ्यांनी मिळून पाठ केल्यासारखं. जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंच नाही. मुकादम हेच म्हणाला, डॉक्टर हेच म्हणाले, तुझा दीर हेच म्हणाला. अण्णा तेवढे काही म्हणाले नाहीत. ते तुझ्या दाराकडं बघायचेसुद्धा नाहीत.

अण्णांचा पाय बरा झाला, पण अण्णा बरे झाले नव्हते. कारखान्याच्या बोळाशी गेले आणि आतून मागांचा आवाज कानावर पडला की त्यांना घाम फुटायचा, तिथंच भिंतीला धरून ओकायचे. मुकादमानं शेठना सांगितलं की गडी नाटक करतोय. डॉक्टरांनी छाती तपासली, ताकदीचं इंजेक्शन टोचलं आणि म्हणाले, ह्यांना काही झालेलं नाही, कामाला लावा म्हणजे डोक्यातलं जाईल. माझ्या सासरचे गावाहून आले आणि अण्णांना देवऋष्याकडं घेऊन गेले. बाहेरचं लागलंय म्हणून त्यानं कडुनिंबाच्या फोकांनी मारलं. ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसाच्या पाठीवर वळ घेऊन मी त्यांना परत आणलं. त्या पाठीला तेल लावताना मी ठरवलं होतं की आता ह्यांना कुणी हात लावायचा नाही आणि कुणी काही विचारायचंही नाही.

म्हणून तू आलीस तेव्हा मी आडवी आले. तुझी इद्दत नुकतीच संपली होती. दुपारची वेळ, अण्णा सोप्यात खांबाला टेकून बसलेले. तू उंबऱ्यात उभी राहिलीस आणि आत यायच्या आधीच बोललीस.

"अण्णा, तुमी त्यांच्या बाजूला हुतासा. मला कोण बी खरं सांगंना. ते लगेच न्हाय गेले. व्हय की न्हाय?"

मी म्हणाले, "खैरून, नको. ह्यांना आत्ता कुठं झोप लागायला लागलीय."

"झोप लागत न्हाय अक्का. मला भिंतीतनं ऐकू येतंय की."

अण्णांनी मान वर केली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ते तुझ्याकडं बघत होते. म्हणाले, "व्हय. लगेच न्हाय गेला."

तू उंबऱ्यातच खाली बसलीस. मग त्यांनी सांगितलं. सरळ नाही, तुटक तुटक, मध्येच कानडीत जात, आणि तू कानडी कळत नसताना एकदाही अडवलं नाहीस. मीच मधूनमधून मराठीत सांगत होते. एक तुळई दस्तगीरच्या कमरेवर आडवी पडली होती. अण्णांचा पाय अडकलेला, पण हात मोकळा. काळोखात दस्तगीरचा हात त्यांच्या हाताला लागला आणि मग दोघांनी तो सोडला नाही. दस्तगीर बोलत होता. आधी त्यानं मुकादमाला भरपूर शिव्या दिल्या. मग पोरीला, हसीनाला, शाळेत घालायचं म्हणाला, तुझं नाव घेत होता, आईचं घेत होता. मग पाणी मागायला लागला. वरून पावसाचं पाणी एका ठिकाणी टपकत होतं. अण्णांनी सदरा फाडून त्याचा बोळा तिथं धरला, भिजला की दस्तगीरच्या तोंडावर पिळायचा, पुन्हा धरायचा. असं ते करत राहिले, दस्तगीर गिळायचा थांबेपर्यंत.

तू एवढंच विचारलंस, "पाणी मिळालं त्यांना?"

"मिळालं," अण्णा म्हणाले. "माझ्या हातानं मिळालं."

तू त्यांचा तो हात धरलास आणि कपाळाला लावलास. मग रडलीस, सगळी गल्ली ऐकेल अशी. कितीतरी महिन्यांत तू अशी रडली नव्हतीस. तुझ्या त्या न रडण्याला लोक धीर म्हणत होते.

खैरून, त्या दुपारी मला कळलं की त्या भल्या माणसांनी तुझ्याकडून काय काढून घेतलं होतं. जागच्या जागी गेला म्हणजे कुणाचा हात हातात नसताना गेला, तुझं नाव न घेता गेला, तोंडात पाण्याचा थेंब न पडता गेला. असला हा दिलासा. आणि अण्णांना गप्प केलं होतं ते वेगळंच. त्यांना वाटत होतं की आपण जगलो हाच गुन्हा, तो तुझ्यासमोर कसा कबूल करायचा. त्यांनी मरणाऱ्या दोस्ताला पाणी पाजलं होतं आणि हे जगात कुणाला माहीत नव्हतं.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यावरून तुझं माझं भांडण लागलं ते आजपर्यंत मिटलेलं नाही. खाली असताना त्यांना वर माणसं ऐकू येत होती. ओरडून दोघांचे घसे बसले होते. वर सुताच्या गाठी हलवण्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी म्हणत होतं, "हळू घ्या, सूत भिजंल." मुकादम पुढं म्हणायचा की गाठी काढल्याशिवाय खाली पोचताच येत नव्हतं. असेलही. मी काही तिथं नव्हते. पण खाली माणसं आहेत हे माहीत असलेला माणूस सूत भिजेल म्हणत नाही.

मी दुसऱ्या दिवशीच तुला म्हणाले की हे फौजदाराला सांगायचं, कलेक्टरांपर्यंत न्यायचं, भर चौकात सांगायचं. तू नाही म्हणालीस.

"ह्ये मी माझ्यासाठी ऐकलं अक्का. मोर्चासाठी न्हाय."

मी म्हणाले, उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर भिंत पडेल. तू म्हणालीस, अण्णांना कोर्टात उभं करणार का, तिथं वकील विचारणार की अंधारात तुला काय दिसलं, तुझं डोकं ठिकाणावर होतं का, आणि मग ते घरी येऊन पुन्हा खांबाला टेकून बसणार. मी म्हणाले, ते अण्णांना ठरवू दे. अण्णांना विचारलं तर ते उठून परसात गेले. त्यावर तू माझ्याकडं बघितलंस आणि मी तो विषय तिथंच टाकला. पण मला ते पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. शेठनी त्याच पायावर भिंत उभी केली, पूजा घातली, पेढे वाटले. तुझ्या घरी पुडा आला तो तू परत पाठवलास, आणि तेवढ्यावर तुझा हिशेब संपला. माझा नाही संपला. तू गप्प राहिलीस म्हणून तो माणूस तुझ्या जियारतीला येऊन बसू शकला. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं, नीट, एकदा तरी.

तू त्यानंतर रोज दुपारी यायला लागलीस. कांड्यांचा चरखा उचलून आमच्या सोप्यात आणलास. अण्णा बोलले तर ऐकायचीस, नाही बोलले तर कांड्या भरायचीस. गल्लीला मात्र दुसरंच दिसलं. मुसलमानाची विधवा लिंगायताच्या घरात, परक्या पुरुषाजवळ, भर दुपारी. तुझा दीर आला, आमच्या समाजातले दोघे मोठे आले. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी ही माणसं, पण त्या दिवशी एकाच बाकावर बसून आम्हाला अब्रू शिकवत होती. अण्णा ओकत होते तेव्हा ह्यांच्यातला एकही फिरकला नव्हता. मी म्हणाले, बालवाडी सुटली की मी इथंच असते, आणि नसले तरी हे घर माझं आहे. तू मान खाली घालून सूत जोडत होतीस. ते जायला निघाले तेव्हा दिराला एवढंच म्हणालीस, "तुमी बसून ऐकनार असला तर उद्यापास्नं तुमच्याकडं येतो." त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

मग दुसऱ्या बायका यायला लागल्या, त्याच ढिगाऱ्यात नवरे गेलेल्या. वरच्या आळीतला एक विणकर आला, त्याचा धाकटा भाऊ गेला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, नुसता पायरीवर बसायचा. तू कुणाला शहाणपण सांगितलं नाहीस. विसर म्हणाली नाहीस, देवाची मर्जी म्हणाली नाहीस. एखादी तेच तेच सांगायला लागली आणि मी कंटाळून उठायला लागले की माझा पदर धरून खाली बसवायचीस. अण्णा त्या प्रत्येकीला माहीत होतं तेवढं सांगायचे, कोण कुठं होतं, कुणाचा आवाज आला, कुणाचा नाही आला. माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणायचे. खोटं कुणालाच सांगितलं नाही.

मुकादमाला ती युनियनची बैठक वाटली. त्यानं चौकीवर कळवलं आणि एक हवालदार येऊन दारात उभा राहिला. माझं डोकं फिरलं होतं. भिंत फुगली तेव्हा आला नाहीस, आता रडणाऱ्या बायका मोजायला आलास का, असं मी त्याला विचारणारच होते. तू उठून त्याला पाट दिलास, "बसा पावणं," म्हणालीस आणि चहा टाकलास. तो चहा संपेपर्यंत बसला, ऐकलं, आणि काही न लिहिता गेला. तू मला नंतर म्हणालीस की दुःखाच्या घरात आपला राग घेऊन येऊ नये, दुसऱ्याला बसायला जागा राहत नाही. मी तुला म्हणाले, मग तो ठेवायचा कुठं ते सांग. तू चरखा पुढं ओढलास आणि नवी कांडी लावलीस.

सगळे तरले असं मी लिहिणार नाही, तुला ते आवडणार नाही. तो वरच्या आळीतला विणकर एक दिवस यायचा थांबला, दारूत बुडाला. तू त्याच्या खोलीवर जाऊन आलीस, पण उशीर झाला होता, तो त्यातच गेला. अण्णा परत मागावर गेले नाहीत. एसटी स्टँडजवळ चहाची टपरी टाकली, तिथं मागांचा आवाज येत नाही. ते झोपतात आता. कधीकधी झोपेत त्यांची मूठ मिटते आणि पिळल्यासारखी होते, मी ती धरून ठेवते. ते हसतात, पोरांना गोष्टी सांगतात. माझा नवरा मला तू परत दिलास. हे तुला मी कधी म्हणाले नाही. शेजारणीचे आभार मानायची आपल्यात रीत नाही, आणि कदाचित म्हणाले असते तर तू कांडी फेकून मारली असतीस.

सुताची धूळ तुझ्या छातीत भरत होती, हे आम्हाला खोकल्यावरून कळायला हवं होतं. तू बाकीच्यांचं ऐकत होतीस आणि आम्हाला तुझ्या खोकल्याची सवय झाली होती. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा तू उशाला टेकून माझ्याशी भांडलीस, तोच जुना वाद. श्वास पुरत नव्हता म्हणून एक एक वाक्य तोडून बोलत होतीस. म्हणालीस, "तुझा राग खोटा न्हाय अक्का." मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. त्यात 'पण' येणार होता, मला माहीत होतं. खोकल्याची उबळ आली आणि ते वाक्य राहिलं.

परवा दुपारी, जियारत होऊन पाहुणे पांगल्यावर, हसीना आमच्याकडं आली. आता उंचीनं तुझ्या कानाएवढी झालीय ती. तिच्या काकानं तिला सांगितलं होतं की अम्मी झोपेतच गेली, चेहरा किती शांत होता. ती सोप्यात आली आणि बसली नाही.

"अक्का, तुमी हुतासा तिथं. अम्मी कशी गेली?"

मला वाटलं होतं, हे काम आपल्याला सहज जमेल. इतकी वर्षं सोप्यात बसून तुझं बघितलं होतं. पण त्या पोरीच्या तोंडाकडं बघून माझ्याही जिभेवर तेच आलं, झोपेत गेली. त्या भल्या माणसांना ते किती सोपं गेलं असेल ते मला त्या क्षणी कळलं, आणि त्यांच्यावरचा माझा राग आणखी वाढला. अण्णा चुलीपाशी होते, ते बाहेर आले आणि माझ्या बाजूला बसले.

मी सांगितलं. सकाळपासून तुला श्वास घ्यायला त्रास होत होता. ऑक्सिजनचं नळकांडं दुसऱ्या वॉर्डात होतं, आणायला गेलेला माणूस वेळेत आला नाही. मी डॉक्टरांच्या खोलीपर्यंत दोनदा धावले, ते शस्त्रक्रियेत होते. तू मला उठून बसव म्हणालीस. मी तुला पाठीमागून धरून बसवलं, तू माझ्या छातीला टेकलीस. तू घाबरली होतीस. हसीनाला बोलाव म्हणालीस, तिला निरोप गेला होता पण ती पोचली नव्हती. तुला पाणी दिलं, दोन घोट तू गिळलेस. तू झोपेत गेली नाहीस. तू शेवटपर्यंत श्वासासाठी झगडत होतीस आणि मी तुला धरून होते.

हसीना रडली नाही. ती ओरडायला लागली. म्हणाली, तुम्ही त्या डॉक्टरांचं दार का नाही फोडलं, नळकांडं स्वतः का नाही उचलून आणलं, सगळ्या गावाशी भांडता आणि माझ्या आईच्या वेळी नुसतं धरून बसलात. दवाखान्याला शिव्या दिल्या, काकाला दिल्या, तुला दिल्या, इतकी वर्षं खोकत कांड्या भरल्यास म्हणून. गल्लीतली माणसं दारात जमली. तुझा दीर पुढं आला, तिला घरी न्यायला, गप्प करायला. अण्णांनी हात आडवा धरून त्याला पायरीखालीच थांबवलं.

तू असतीस तर काय केलं असतंस मला माहीत नाही. तू तिला जवळ ओढलं असतंस कदाचित, राग सोड म्हणाली असतीस. मी तसं म्हणाले नाही. तिच्या तोंडून निघत होतं त्यातलं निम्मं माझ्याच पोटातलं होतं आणि उरलेलं निम्मं माझ्यावर होतं, आणि दोन्ही खरं होतं. मी तिच्यासमोर मांडी घातली. ती ओरडत राहिली, आणि मी बसून राहिले.